जुन्या गाडीत नवी ताकद घालण्याआधी

फोंड्याहून पणजीला किंवा म्हापशाहून वेर्ण्याला रोज जाणारी, दहा-बारा वर्षं झालेली गाडी गोव्यात घरोघरी आहे. अशी गाडी चालते ठीक, पण चढावर दमते, आणि एसी लावून ट्रक ओव्हरटेक करायचा म्हटलं की हात आखडतो. नवी घ्यायची तर हप्ते मागे लागतात. मग कोणीतरी सांगतं, ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) रीमॅप करून घे, म्हणजे त्याचा प्रोग्रॅम बदलून घे, जास्त हवा सोडणारा हाय-फ्लो फिल्टर टाक, धूर मोकळा सोडणारा फ्री-फ्लो सायलेन्सर बसव, गाडी पळायला लागेल. नव्या गाडीच्या किमतीपुढे हा खर्च काहीच वाटत नाही, आणि मोह होणं साहजिक आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रोजच्या वापरातल्या जुन्या गाडीत इंजिनाची ताकद वाढवण्यावर घातलेले पैसे बहुतेक वेळा वाया जातात. त्याच पैशातून गाडीची गेलेली ताकद परत आणली आणि उरलेल्यात टायर, ब्रेक, सस्पेन्शन केलं, तर गाडी खरोखर बदलते. याला अपवाद आहेत, आणि ते कोणते तेही पुढे येईलच. पण आधी या मताची कारणं.

गाडी मुळात दमते का?

बारा वर्षांची गाडी जोर करत नाही, तेव्हा आपण धरून चालतो की तिचं इंजिनच छोटं. पण नवी असताना हीच गाडी हाच चढ चढत होती. म्हणजे मधल्या वर्षांत काहीतरी कमी झालं. ते हळूहळू कमी होत गेल्यामुळे आपल्या लक्षात येत नाही.

कुठे कमी होतं? स्पार्क प्लग झिजतात, इग्निशन कॉइल कमजोर होते, थ्रॉटल बॉडीवर काजळी बसते, ऑक्सिजन सेन्सर सुस्तावतो आणि इंधनाचं प्रमाण बिघडतं. फ्युएल फिल्टर तुंबला किंवा पंपाचा दाब घसरला, तर नेमकं पेडल पूर्ण दाबल्यावर इंजिनाला पेट्रोल पुरत नाही. सायलेन्सरच्या लाइनमधला, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून चोंदला असेल, तर गाडी शहरात बरी चालते आणि हायवेला मात्र वरच्या आरपीएमवर (इंजिन जोरात फिरताना) घुसमटते. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, असलेल्या डिझेल गाडीत ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या रबरी पायपाला बारीक चीर गेली की टर्बोने दाबलेली हवा बाहेर निघून जाते. काळा धूर, जोर नाही, आणि बाहेरून बघितलं तर काहीच दिसत नाही. थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने अडकला तरी असंच होतं.

आपल्याकडच्या हवेमुळे होणारी एक गोष्ट फार जण तपासत नाहीत. पावसाळ्यात ब्रेक कॅलिपरच्या पिना गंजून जाम होतात आणि पॅड डिस्कला कायम घासत राहतात. म्हणजे गाडी ब्रेक किंचित लावलेला असतानाच चालते. ओळखायला सोपं आहे. ब्रेक फारसे न वापरता थोडं अंतर चालवा, थांबा, आणि हाताने अंदाज घ्या (डिस्कला हात लावू नका, रिमच्या जवळ नेला तरी पुरतं). एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर चोर सापडला.

क्लचचंही असंच. वरच्या गियरमध्ये कमी वेगावरून एकदम पेडल दाबा. आरपीएमचा काटा झपकन चढला आणि वेग मागे राहिला, तर क्लच प्लेट घसरते आहे. इंजिन ताकद देतंय, ती चाकापर्यंत पोचत नाही. अशा गाडीचं रीमॅप केलं तर घसरणं तेवढं वाढेल.

काही गॅरेजांत 'गरम होणार नाही' म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून ठेवणारा व्हॉल्व्ह) काढूनच टाकतात. मला हे अजिबात पटत नाही. इंजिन नीट तापलंच नाही तर ईसीयूला वाटतं अजून थंड आहे, आणि तो जास्त पेट्रोल टाकत राहतो. ॲव्हरेज पडतं, ऑइल खराब होतं, झीज वाढते. गाडी गरम होत असेल तर रेडिएटर आणि फॅन बघायचा, थर्मोस्टॅटचा बळी द्यायचा नाही.

एसीसाठी आणखी एक काम आहे. गोव्यात एसी वर्षाचे बारा महिने चालतो. पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर मातीने भरला असेल, तर कॉम्प्रेसरला जास्त दाबावर काम करावं लागतं, आणि तो जोर इंजिनाकडूनच येतो. छोट्या इंजिनाला हे ओझं चटकन जाणवतं. कंडेन्सर हलक्या पाण्याने धुऊन घ्यायला कितीसा खर्च येतो?

हे सगळं झाल्यावर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. सिलिंडरांमध्ये दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक निघाला, तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजले आहेत, आणि ताकद वाढवण्याचा विषय तिथेच संपतो. निळसर धूर आणि ऑइलची पातळी उतरत जाणं हीही तीच खूण.

इंजिन ताकद कुठून आणतं

इंजिनात जेवढी हवा जाईल तेवढंच इंधन जळू शकतं. पेट्रोल नीट जळायला वजनाच्या हिशेबाने सुमारे १४.७ पट हवा लागते. टर्बो नसलेलं इंजिन ही हवा वातावरणाच्या दाबानेच आत ओढतं. कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून त्यात जास्तीची हवा येत नाही. प्लगची ठिणगी कधी पडावी, इंधन किती द्यावं, यात थोडी कसर असते, तेवढी काढता येते. २०११ च्या पेट्रोल स्विफ्टचं उदाहरण घेऊ. इंजिन १.२ लिटर, ताकद ८७ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप). रीमॅपने पाच टक्के मिळाले असं धरलं तरी चारेक पीएस.

आता त्यासमोर वजन ठेवून बघा. गाडी आणि ड्रायव्हर मिळून साधारण हजार किलो. डिकीत महिनोन् महिने पडून असलेली पाण्याची कॅन, हत्यारांची पेटी, जुनी ताडपत्री, मागच्या चवथीच्या माटोळीचे (गणपतीवर फळं-फुलं टांगायच्या चौकटीचे) दोर असं चाळीस किलो सामान काढून टाकलं, तर वजनाच्या मानाने मिळणारी ताकद चार टक्क्यांनी वाढते. म्हणजे जवळजवळ रीमॅपइतकीच, आणि फुकट.

मग रीमॅप केलेली गाडी चालवताना एवढा फरक कसा जाणवतो? पुष्कळदा पेडलचा हिशेब बदललेला असतो. आधी पेडल पूर्ण दाबल्यावर जे मिळायचं, ते आता अर्ध्यावरच मिळतं. गाडी तरतरीत वाटते, पण पाय पूर्ण दाबून घाट चढताना ती आधी होती तेवढीच असते. 'पेडल बॉक्स' नावाने विकली जाणारी डबी एवढंच करते.

टर्बो इंजिनाचं गणित वेगळं आहे. तिथे हवा दाबून भरलेली असते, आणि किती दाबायची हे ईसीयू ठरवतो. ते वाढवलं, सोबत डिझेल वाढवलं की ताकद खरीच वाढते, आणि चांगली वाढते. आपल्या रस्त्यांवर सर्रास दिसणारं १.३ लिटरचं फियाटचं डिझेल इंजिन कंपन्यांनीच काही गाड्यांत ७५ पीएसचं आणि काहींत ९० पीएसचं दिलं. पण ९० च्या गाडीला नुसता प्रोग्रॅम बदलून दिलेला नव्हता. तिला व्हेरिएबल जिऑमेट्रीचा, म्हणजे इंजिनाच्या गतीप्रमाणे आतली पाती फिरवणारा टर्बो होता. कंपनी ताकद वाढवते तेव्हा टर्बो, थंड करण्याची सोय, क्लच, गियर, ब्रेक या सगळ्यांचा एकत्र विचार करते. बाहेरून केलेल्या रीमॅपमध्ये बाकीचं सगळं जुनंच राहतं, आणि तेही लाखभर किलोमीटर झिजलेलं. म्हणून आधी क्लच जातो, मग टर्बो कुरकुरायला लागतो.

फिल्टर आणि सायलेन्सरबद्दल थोडक्यात. जास्त हवा सोडणारा फिल्टर सहसा बारीक धूळही जास्त सोडतो. साखळी, डिचोली, उसगाव, सावर्डे या खाणपट्ट्यात राहणाऱ्यांना लाल धूळ काय असते ते सांगायला नको. ती सिलिंडरच्या भिंती घासते. तिथे कंपनीचा कागदी फिल्टर वेळेवर बदलणं हेच इंजिनाचं रक्षण. त्याहून धोकादायक म्हणजे हवा घेण्याचं तोंड बंपरच्या मागे खाली नेणारी इनटेक. 'थंड हवा मिळते' हे बरोबर आहे, पण गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि सखल रस्त्यांवर पाणी साचतं. पाणी दाबलं जात नाही. ते सिलिंडरमध्ये गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉकही फुटतो. फ्री-फ्लो सायलेन्सरने टर्बो नसलेल्या छोट्या इंजिनाला मिळतो तो बहुतांशी आवाजच, आणि त्याचा त्रास वाड्यावरच्या लोकांना.

महागड्या जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलनेही ताकद वाढत नाही. ऑक्टेन म्हणजे पेट्रोल वेळेआधी पेटू न देण्याची क्षमता. इंजिनाला त्याची गरजच नसेल, तर फरक पडणार नाही.

उलट पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलकडे लक्ष द्यायला हवं. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. म्हणून वीस टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी. शिवाय इथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप व सील त्याच्यासाठी बनवलेले नसतात. फ्युएल लाइनचे पाइप तपासून, कडक किंवा भेगाळलेले असतील तर बदलून घ्या. आग लागण्याचा प्रश्न आहे, टाळाटाळ नको.

रोजच्या वाटेचा हिशेब

फोंडा-पणजी अंतर तीस किलोमीटरच्या घरात. समजा ताकद वाढवून प्रत्येक वेळी थांब्यापासून वेग पकडताना अर्धा सेकंद वाचला, आणि वाटेत तीस वेळा थांबावं लागलं. वाचले पंधरा सेकंद. पणजीच्या ट्रॅफिकमध्ये किंवा पुलाकडच्या जंक्शनवर एका सिग्नलात ते विरून जातात. मांडवीवरचा अटल सेतू २०१९ मध्ये आणि झुआरीचा नवा पूल २०२२ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला, त्याने लोकांचा जेवढा वेळ वाचला तेवढा कुठल्याही रीमॅपने वाचणार नाही.

ताकदीची खरी गरज लागते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे दुपदरी रस्त्यावरचा ओव्हरटेक, दुसरा घाट. पण घाटाचा विचार करताना आपण नेहमी चढण बघतो. उतरणही बघायला हवी, कारण माणसं मरतात ती तिथे.

चोर्ला घाटातून केरीकडे येताना गाडी काहीशे मीटर खाली उतरते. माणसांसकट १२०० किलोची गाडी ६०० मीटर उतरली, तर जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते ती ८० च्या वेगातून सुमारे चोवीस वेळा पूर्ण थांबण्याइतकी असते. त्यातली काही हवेच्या अवरोधात जिरते, खालच्या गियरमध्ये ठेवलं तर बरीच इंजिन घेतं. पण न्यूट्रलवर किंवा चौथ्या गियरवर उतरलात तर जवळजवळ सगळी ब्रेकवर येते आणि तिची उष्णता होते.

ही उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. डॉट ४ दर्जाचं नवं ब्रेक ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की उकळण्याची मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. डॉट ३ असेल तर १४०. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि पेडल जमिनीला टेकतं. समुद्राकाठच्या दमट हवेत हे पाणी मुरणं काही थांबत नाही. तरीही गाडी घेतल्यापासून ब्रेक ऑइल कधीच न बदललेले लोक मला सतत भेटतात, आणि त्यांतलेच काही जण पॉवर वाढवायचं विचारत असतात. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचा अपग्रेड आहे असं मी मानतो. त्यासोबत चांगल्या कंपनीचे पॅड, मागच्या ड्रमचे लायनर, आणि गंजलेले ब्रेक पाइप.

आणखी एक गोष्ट. वेग ६० वरून ८० झाला, तर गाडीतली ऊर्जा पावणेदोन पटीहून जास्त होते. ताकद वाढवली की नकळत वेग वाढतो, आणि ब्रेक तेच राहतात.

टायरचंही तितकंच महत्त्वाचं. गोव्यातली अंतरं लहान, त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. रबर कडक होतं, नक्षी मात्र खोल दिसते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढचे टायर पावसाळ्यात वापरू नयेत. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, पण आपल्या पावसात तीन मिलिमीटरला बदललेले बरे, कारण पाणी बाजूला फेकायचं काम नक्षीच्या खोलीवर चालतं. रुंद टायर बसवायचे तर पूर्ण चाकाचा व्यास तोच राहिला पाहिजे. जुन्या स्विफ्टच्या १६५/८० आर १४ ऐवजी १८५/७० आर १४ घेतले, तर व्यासात एक टक्क्याहून कमी फरक पडतो. मात्र अतिरुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो, हे दुकानात कोणी सांगत नाही.

शॉकप, खालच्या आर्मचे बुश, लिंक रॉड, बॉल जॉइंट हे बदलून अलाइनमेंट केलेली जुनी गाडी चालवून बघा. वळणावर ती झोल खात नाही, त्यामुळे वेग कमी करावा लागत नाही, आणि जो वेग गमावलाच नाही तो परत मिळवायला ताकदही लागत नाही. स्प्रिंग कापून गाडी खाली करण्याचा प्रकार मात्र करू नका. गावातले स्पीड ब्रेकर पोट खरवडतील, आणि शॉकप लवकर जातील.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीतली माहिती आणि कंपनीने मुळात दिलेली वैशिष्ट्यं जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. सीएनजी किट किंवा रंग बदलणं यासाठी परवानगीचा मार्ग आहे. झिजलेल्या भागाच्या जागी तसाच नवा भाग बसवायला काहीच अडचण नाही.

विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर दाव्यात आडवा येऊ शकतो. जास्तीच्या भागांची किंमत तर मिळतच नाही. पाण्याने बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून बिघडली, तर साध्या पॉलिसीत ते सहसा बसत नाही, आणि इंजिनासाठीचं वेगळं कवच जुन्या गाडीला बहुतेक कंपन्या देत नाहीत.

मग कधी करावं?

सगळ्यात आधी गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा. खारी हवा आणि चिखल यांनी गोव्याच्या गाड्या इंजिनाआधी पत्र्यातून जातात. दाराखालचा पट्टा, जॅक लावायची जागा, पुढच्या शॉकपचे टॉवर, सबफ्रेम. वरवरचा गंज घासून, प्रायमर मारून थांबवता येतो. पण स्क्रूड्रायव्हरचं टोक आत जात असेल, तर त्या गाडीवर सुरक्षिततेपलीकडे पैसा घालू नका.

मग उरलेलं आयुष्य धरा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी वाढते. समजा गाडी बारा वर्षांची आहे आणि पंधराव्या वर्षी विकायची आहे. रीमॅप, फिल्टर, सायलेन्सर, वर नवा क्लच मिळून साठ हजार गेले, तर महिन्याला साडेसोळाशेहून जास्त पडले. विकताना त्यातलं काही परत येत नाही. उलट अशी गाडी रगडलेली असणार म्हणून गिऱ्हाईक दर पाडतं. टर्बो नसलेल्या छोट्या पेट्रोल गाडीत खरोखर तीस टक्के जास्त ताकद हवी असेल, तर ती विकून तशी ताकद कंपनीनेच दिलेली, नीट सांभाळलेली जुनी गाडी घेणं स्वस्त पडतं.

रीमॅप करावं असं मी ज्यांना सांगेन, त्यांची गाडी टर्बो आहे, कॉम्प्रेशन ठीक आहे, पत्रा निरोगी आहे. ब्रेक, टायर, शॉकप झालेले आहेत. त्यांना बेळगावला किंवा अनमोडमार्गे वरचेवर जायचं असतं, गाडी आणखी सात-आठ वर्षं ठेवायची आहे, आणि क्लचचा खर्च त्यांनी आधीच बाजूला काढलाय. गाडीवर जीव आहे म्हणून करायचं असेल, तर तेही खरं कारण आहे, मी त्याला कमी लेखत नाही. फक्त तो पैसा आवडीच्या खात्यातून जावा, घरच्या गाडीच्या देखभालीतून नव्हे.

त्यांनीही ट्यूनरला तीन गोष्टी विचाराव्यात. मूळ ईसीयू फाइल जपून ठेवून ती परत टाकून द्याल का? रीमॅपच्या आधी आणि नंतर डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) मोजलेला आलेख दाखवाल का? नंतर पीयूसीत धूर मर्यादेत राहील याची जबाबदारी घ्याल का? यांतल्या एकालाही उत्तर टाळलं, तर चावी हातात घेऊन घरी यावं.